ब्लॉगचं बारसं

मुन्शीजींचा ब्लॉग अजून आहे. त्यावर एकोणीस लेख आहेत, आणि सगळे लेखनाविषयी असूनही त्यांत लेखणी, शाई आणि सरस्वती यांपैकी कोणाचाही उल्लेख नाही. ब्लॉगचं नाव मी शेवटी सांगेन. माणसाचं म्हणणं पुरतं ऐकल्याशिवाय वर मथळा लिहायचा नाही, हा मुन्शीजींचा नियम होता. सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसल्यामुळे तो मलाही चिकटला आहे.

चिखलीला तहसील कचेरीच्या भिंतीला लागून त्यांचं पत्र्याचं टेबल होतं. परवान्यावर 'अर्जनवीस' असा शब्द होता, पण लोक मुन्शीजीच म्हणत. परवाना लॅमिनेट करून ते सदऱ्याच्या खिशात ठेवत आणि कोणी न मागता दाखवत. मी त्यांच्या शेजारच्या गाळ्यात ऑनलाइन सेंटर उघडलं त्या दिवशी गल्लीतल्या बाकीच्यांनी येऊन पेढे खाल्ले. मुन्शीजींनी बाहेर उभं राहून माझा बोर्ड वाचला. 'येथे सर्व प्रकारचे अर्ज भरून मिळतील.' मग त्यांनी मला विचारलं की नवरा आहे, पण घरी नाही, मेलाही नाही, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव आहे, अशा बाईचा अर्ज कोणत्या रकान्यात भरतात. मी म्हटलं, असा पर्याय साइटवर नाही.

"मंग 'सर्व' काऊन लिहिलं?" ते म्हणाले, आणि पेढा न घेता गेले.

मी दोन दिवस चरफडले. तिसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून 'सर्व' हा शब्द पुसून घेतला. त्या दिवशी ते स्वतः आले आणि पेढ्याचं काय झालं म्हणून विचारलं.

त्यांच्याकडे अर्ज लिहायला बसणं हे सोपं काम नव्हतं. आधी ते कोऱ्या कागदाला डावीकडून समासाची घडी घालत. घडी अंगठ्याच्या नखाने तीनदा दाबत. मग पेनाला टोपण लावून ठेवत आणि समोरच्याला म्हणत, सांगा. तो सगळं सांगे. मग म्हणत, पुन्हा सांगा. दुसऱ्यांदा सांगून झालं की पुन्हा एकदा. पहिल्यांदा माणूस गावाने त्याला जे सांगायला पाठवलेलं असतं ते सांगतो, दुसऱ्यांदा राग सांगतो आणि तिसऱ्यांदा काय झालं ते सांगतो, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या वेळेला टोपण निघे. तोवर अर्धी माणसं वैतागून माझ्याकडे आलेली असत. माझ्याकडे अर्जांचे तयार नमुने होते, नाव-गाव बदललं की झालं. मुन्शीजींचं बरंचसं गिऱ्हाईक असं माझ्या प्रिंटरमधून बाहेर पडलं, आणि त्यांनी त्याबद्दल मला कधीही एक शब्द बोलून दाखवला नाही. फक्त माझे नमुने ते रद्दीतून उचलून वाचत आणि पेन्सिलीने खुणा करून परत रद्दीत ठेवत.

"एका अर्जात एकच दुःख," हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्याला रस्त्याचं आणि सुनेचं अशी दोन्ही दुःखं आहेत त्याने दोन कागद आणावेत. विशेषणांवर त्यांचा राग होता. साहेबाला कीव आली की साहेब सही करत नाही, चहा मागवतो, असं ते म्हणत.

मेहकरच्या बाजूचा एक शेतकरी एकदा आला होता. रानडुकरांनी त्याचं सोयाबीन लोळवलं होतं आणि अर्जात 'अतोनात व अपरिमित नुकसान' हे शब्द यायलाच हवेत असा त्याचा हट्ट होता. मुन्शीजींनी त्याला विचारलं, डुकरं कोणत्या बाजूने आली? त्याला सांगता येईना. मग त्यांनी त्याला परत पाठवलं, पाहून या म्हणून. तो शिव्या देत गेला आणि दुसऱ्या दिवशी आला. डुकरं नाल्याकडून आली होती, वनखात्याने खणलेला चर जिथे संपतो तिथून. मुन्शीजींनी चार ओळी लिहिल्या. चर इथे संपतो, डुकरं इथून येतात, माझं वावर इथे आहे, खाली सही. दीड महिन्यात चर त्याच्या बांधाच्या पुढपर्यंत वाढवला गेला. पुढच्या महिन्यात त्याचा शेजारी आला. डुकरं आता त्याच्या वावरात जात होती. मुन्शीजींनी कागदाला घडी घातली आणि त्यालाही सांगितलं, पाहून या.

अशा माणसाच्या आयुष्यात एकच कागद वाईट लिहिला गेला होता, आणि तो त्यांनी आपल्या सख्ख्या बहिणीसाठी लिहिला होता. ही गोष्ट गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. मला ती चहावाल्याने माझ्या पहिल्याच आठवड्यात सांगितली, कप विसळता विसळता.

वडील गेल्यावर वावरावर दोघांची नावं लागली. आपल्याकडे अशा वेळी बहीण कचेरीत येते, हक्कसोड करून देते, भाऊ तिला लुगडं नेसवतो, आणि सगळे जेवायला जातात. यात कोणाला काही विचारायचं असतं असं कोणाला वाटत नाही. मुन्शीजींची थोरली बहीण सोनाळ्याला दिलेली, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. ती सकाळच्या एसटीने निघून दुपारी पोचली तेव्हा हक्कसोडपत्र तयार होतं. मुन्शीजींनी ते स्वतःच्या हाताने, आदल्या दिवशीच, अगदी मन लावून लिहिलं होतं. 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, भावाच्या मायेपोटी, कोणताही हक्क राखून न ठेवता' असं बरंच काही. गल्लीतले लोक सांगतात की इतकं सुंदर हक्कसोडपत्र चिखलीत पुन्हा झालं नाही. बाई सातवी शिकलेल्या. त्यांनी उभ्यानेच ते वाचलं, एकदा वरून खाली, मग पुन्हा एकदा.

"हे मी कवा म्हटलं?" त्यांनी विचारलं.

मुन्शीजी म्हणाले, असंच लिहितात. बाईंनी सही केली, आतल्या साहेबासमोर हो म्हटलं, बाहेर येऊन लुगडं टेबलावर ठेवलं आणि परतीची एसटी पकडली. जेवायला थांबल्या नाहीत. त्यानंतर अकरा वर्षं त्या आल्या नाहीत. हेही गेले नाहीत. माणसाला तीनदा सांगायला लावायची पद्धत मुन्शीजींनी त्यानंतर सुरू केली. दर भाऊबीजेला ते नवा सदरा घालून टेबलावर येऊन बसत. त्या दिवशी कचेरीला सुट्टी असे, त्यामुळे गिऱ्हाईक नसे.

ब्लॉगची कल्पना माझी, आणि ती मी रागाच्या भरात काढली. मुन्शीजींचं काम कमी झालं तसे ते माझ्या काउंटरशी उभे राहून माझ्याच गिऱ्हाइकांना लिहायचं कसं ते शिकवू लागले. रांग खोळंबे. पीकविम्याची शेवटची तारीख, साइट दर दहा मिनिटांनी बंद पडते, आणि मुन्शीजी एका म्हाताऱ्याला सांगत आहेत की 'सविनय' लिहिलं की पुढे काही विनय दाखवावा लागत नाही, म्हणून लोक ते लिहितात. मी म्हटलं, मुन्शीजी, हे सगळं एकदाचं लिहून टाका ना कुठेतरी, म्हणजे ज्याला हवं तो आपल्या घरी बसून वाचेल. ते म्हणाले, कुठे? मी म्हटलं, ब्लॉग काढून देते तुमचा. जगात कोणालाही वाचता येतो. मला वाटलं, विषय संपला.

आठ दिवसांनी ते रविवारी सकाळी सेंटरवर आले. आठही दिवस विचार केला होता. म्हणाले, अर्ज, पत्र, दुखवट्याचा निरोप, लग्नाची पत्रिका, हजेरीपटावरचा शेरा, माणूस जे जे लिहितो ते कसं लिहावं यावर मी लिहीन, कारण हे आता कोणी कोणाला सांगत नाही. आपल्यामागे हे राहावं असं त्यांना वाटत होतं. तसं त्यांनी सरळ बोलून दाखवलं, आणि मी जरा ओशाळले. मी साइट उघडली. पहिल्याच पानावर एक चौकोन होता. ब्लॉगचं नाव लिहा.

"हे पयले काऊन मांगते?"

मी म्हटलं, त्याशिवाय साइट पुढे जात नाही. ते बराच वेळ त्या चौकोनाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, बंद कर.

पुढचे तीन आठवडे कचेरीच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. मी 'शब्दपालवी' सुचवलं. मला ते फार आवडलं होतं, अजूनही आवडतं. मुन्शीजींनी विचारलं, कोणत्या झाडाची? एका वकिलांनी 'लेखनविश्व : एक चिंतन' असं नाव कागदावर लिहून, खाली सही करून दिलं. मुन्शीजींनी सही चांगली आहे म्हणून सांगितलं. चहावाल्याने 'अक्षरकट्टा' म्हटलं तर त्याला विचारलं की तिथे बसायला जागा आहे का. मुन्शीजींच्या पुण्याला असलेल्या मुलाने फोनवर 'राइट विथ बाबा' सुचवलं. मुन्शीजींचं म्हणणं पडलं की कोणाचा बाबा हे आधी सांगावं लागेल.

त्यांची नावाची एक परीक्षा होती. निराधार योजनेच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बायांना ते एकेक नाव सांगत आणि विचारत, या नावाचं दुकान असलं तर तुम्ही त्यात काय घ्यायला जाल? 'शब्दपालवी'त तिघींना मेथी मिळाली. 'लेखनविश्व'मध्ये शाळेच्या वह्या. 'अक्षरकट्ट्या'वर एक आजी म्हणाल्या की तिथे गडीमाणसं बसत असतील, मी जाणार नाही. मुन्शीजी हे सगळं एका वहीत लिहून घेत. मी म्हटलं, दुकान नाहीये ते. ते म्हणाले, नाव ऐकून माणूस आत येतो ना, मग दुकानच. रांग पुन्हा खोळंबली होती.

तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वहीत एकेचाळीस नावं झाली आणि सगळ्यांवर काट होती. मी कंटाळून म्हटलं, मुन्शीजी, तुमच्या मुलाचं नाव ठेवायला इतके दिवस लागले होते का?

"त्याचं नाव त्याच्या आत्यानं ठेवलं," ते म्हणाले. "नाव आत्याच ठेवत असते."

एवढं बोलून ते आपल्या टेबलाकडे गेले. चहावाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी जीभ चावली, पण एकदा ते बोलून झाल्यावर मुन्शीजींच्या डोक्यातून बाकीची सगळी नावं गेली. ब्लॉगला नाव बहिणीकडून येईल, नाहीतर ब्लॉग होणार नाही, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी मला शांतपणे सांगितलं. अडुसष्टाव्या वर्षी झालेलं लेकरू आहे, त्याचं तरी रीतीने होऊ दे म्हणाले. मला कळत होतं की आता हे नावाचं राहिलेलं नाही. एवढं एक निमित्त मिळालं होतं. तेही गेलं असतं तर हा माणूस पुन्हा अकरा वर्षं काढू शकला असता, फक्त तेवढी वर्षं आता दोघांकडेही नव्हती.

मग त्यांनी बहिणीला पत्र लिहायला घेतलं. हजारो माणसांच्या तोंडचं लिहिलेला माणूस चार दिवस त्या कागदावर अडला. मी डोकावून पाहिलं तर त्यांनी अर्जच मांडला होता. 'प्रति, बाईस, मु. पो. सोनाळा. अर्जदार : आपला भाऊ.' विषयाची जागा मोकळी, आणि खालीही मोकळंच. मी म्हटलं, नाव ठेवायला या, एवढंच तर लिहायचं आहे. ते म्हणाले, दोन दुःखं आहेत, एका कागदात बसत नाहीत. मी म्हटलं, दोन कागद घ्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी उठून सेंटरमध्ये गेले.

शुक्रवारी माझी सहनशक्ती संपली. मी विचारलं, नंबर आहे का? नंबर त्यांना पाठ होता. अकरा वर्षांत एकदाही न लावलेला नंबर त्यांनी एका दमात सांगितला. मी तिथेच, त्यांच्यासमोर, फोन लावला आणि बाईंना सांगितलं की मी चिखलीहून तुमच्या भावाच्या शेजारून बोलते, त्यांना तुमच्याकडे एक काम आहे. पलीकडे बराच वेळ बकरी ओरडत होती. मग बाई म्हणाल्या, "हात-पाय धड आहेत ना त्याचे? मंग ये म्हना." आणि फोन ठेवला.

रविवारी आम्ही निघालो. खामगावला एक एसटी बदलली, शेगावला दुसरी. मुन्शीजींनी नवा सदरा घातला होता आणि पिशवीत कोऱ्या कागदांचा गठ्ठा घेतला होता. बहिणीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून केळी आणि पेढे मी घेतले. वाटेत ते फक्त एकदा बोलले. एका पुलावर 'हळू चालवा, पुढे धोका आहे' अशी पाटी होती. ते म्हणाले, कसला धोका ते लिहायला हवं होतं.

बाईंचं घर गावाच्या कडेला, मागे संत्र्याची झाडं. त्या ओट्यावर बसून लाल मिरच्यांचे देठ खुडत होत्या. सत्तरी ओलांडलेली, उभ्या अंगाची बाई, नाक अगदी भावाचं. त्यांनी आम्हाला पाहिलं, उठल्या, आतून प्लास्टिकची खुर्ची आणून भावासाठी मांडली आणि ट्रेमध्ये पाणी आणलं. तलाठी आला तरी इतकी नीट सरबराई होत नाही. प्रवासाची विचारपूस झाली, पावसाची झाली, मुलाची झाली. मला फार वाईट वाटलं. बहिणीने भावाला खुर्ची द्यायची नसते, ओट्यावर बस म्हणायचं असतं.

मुन्शीजींनी पाणी पिऊन सांगितलं की मी एक ब्लॉग काढतो आहे आणि त्याचं नाव तू ठेवावंस. ब्लॉग म्हणजे काय ते मी समजावलं. बाईंनी देठ खुडता खुडता ऐकून घेतलं आणि विचारलं की त्यात काय असणार. कसं लिहावं ते असणार, मुन्शीजी म्हणाले. कोण सांगणार, तू? हाव, मी. बाईंचे हात थांबले. मला वाटलं, आता हसतील किंवा हाकलतील. दोन्ही रास्त झालं असतं.

"लिहिलं काय काय आतापर्यंत?"

मुन्शीजींनी मान हलवली. काहीच नाही.

"बारशाले लेकरू लागते ना बाप्पा," बाई म्हणाल्या. "नुसता पाळणा घेऊन आला तू. पयले लेकरू दाखव, मंग नाव ठेवीन."

मग मुन्शीजींनी पिशवीतून एक कागद काढला. मांडीवर ठेवून त्याला समासाची घडी घातली, नखाने तीनदा दाबली. खुर्चीवरून उठून ते खाली ओट्यावर, मिरच्यांच्या टोपल्याशेजारी बसले. पेनाला टोपण तसंच होतं.

"बाई," ते म्हणाले, "त्या दिवशी तू आली होती. काय झालं ते सांग मले."

बाई म्हणाल्या, तुला ठाऊक आहे काय झालं ते. मुन्शीजी म्हणाले, मला ठाऊक नाही, मी विचारलं नव्हतं.

मग बाईंनी सांगितलं. पहिल्यांदा त्यांनी भराभर सांगितलं, भाऊ-बहिणीत व्हायचंच असं, वावर काय कोणी बांधून नेतं का, झालं ते झालं. पुन्हा सांग, मुन्शीजी म्हणाले. दुसऱ्यांदा त्या चिडल्या. भर कचेरीत, दहा परक्या माणसांसमोर, आपल्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घातलेले वाचताना कसं वाटलं ते त्यांनी असं सांगितलं की आतून सून बाहेर आली आणि पुन्हा आत गेली. मुन्शीजी खाली मान घालून ऐकत होते. पुन्हा, ते म्हणाले.

तिसऱ्यांदा बाई सावकाश बोलल्या. सकाळच्या एसटीत बसल्यापासून त्या मनाशी एक वाक्य जुळवत होत्या. सही करायलाच त्या निघाल्या होत्या, त्यात दुसरा विचार कधी नव्हताच. पण सहीच्या आधी सगळ्यांसमोर ते वाक्य बोलायचं, असं ठरवलं होतं. शेगाव गेलं, खामगाव गेलं, चिखली येईपर्यंत ते पाठ झालं होतं. आणि येऊन पाहतात तर सगळं लिहून तयार.

"काय वाक्य होतं?" मुन्शीजींनी विचारलं.

बाईंनी मिरच्यांचं टोपलं थोडं बाजूला सरकवलं.

"वावर तुह्यं. बोरीखालची जागा माही. आली का तिथी बसन मी."

'कोणताही हक्क राखून न ठेवता' हे शब्द मला तिथे बसल्या बसल्या आठवले. मुन्शीजींचा चेहरा मी पाहिला नाही. मला पाहवला नाही.

"बोर हाय अजून," एवढंच ते म्हणाले.

मग टोपण निघालं. अर्ध्या तासात त्यांनी पान भरलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. हक्कसोडपत्र आदल्या दिवशी लिहिलं हे त्यात होतं, कोणाला न विचारता लिहिलं हे होतं, ज्याने लिहिलं त्याचं नाव होतं, आणि शेवटी ते वाक्य, बाईंनी म्हटलं अगदी तसंच. कुठेही क्षमा मागितलेली नव्हती. मी तसं म्हणाले तर मुन्शीजी म्हणाले, तो दुसरा कागद. बाईंनी एकच दुरुस्ती सांगितली. एसटी दुपारी नाही, साडेअकराला पोचली होती. मुन्शीजींनी ती केली आणि बाजूला सही केली.

हाच तो ब्लॉगवरचा पहिला लेख. मुन्शीजी आता पुण्यात मुलाकडे असतात, सोसायटीच्या सूचनाफलकावर पेन्सिलीने खुणा करतात असं ऐकते. मुलाला ब्लॉगचं नाव गावंढळ वाटतं. त्याच्या मित्रांना ते दोनदा वाचावं लागतं म्हणे. पहिल्या लेखाखाली आजवर सर्वात जास्त प्रतिक्रिया आल्या आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या हक्कसोडपत्राचा नमुना मिळेल का असं विचारणाऱ्या आहेत.

तर नाव. बाईंनी पदराला हात पुसले आणि मला विचारलं, लेकराचा कान कुठे आहे? मी मोबाइलवर तो चौकोन उघडला आणि फोन पुढे केला. बाईंनी फोन दोन्ही हातांत घेतला, तान्ह्या पोराला घेतात तसा खालून आधार देऊन, तोंड जवळ नेलं, "कुर्र" केलं आणि नाव सांगितलं.

"इचारलं का."

मुन्शीजींनी डोळे मिटले. मी ते तसंच टाइप केलं. साइट पुढे गेली.

फोन मला परत देऊन बाईंनी आमच्याकडे पाठ केली आणि तशाच बसून राहिल्या. मला वाटलं, त्या रुसल्या, किंवा उठणार आहेत. मग लक्षात आलं. बारशाला आत्याने नाव सांगितलं की बाकीच्यांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे असतात. त्या त्याची वाट पाहत होत्या. मी पुढे होऊन हलकेच दोन घातले.

"तू परकी पोट्टी, तुह्यं राहू दे," त्या मान न वळवता म्हणाल्या. "भाऊ, तू ये."

मुन्शीजींनी पेन ठेवलं. गुडघ्यांवर सरकत ते बहिणीच्या मागे गेले. मूठ वळली, पाठीवर टेकवली, आणि ती तिथेच राहिली. त्यांना ती उचलता येईना. ते रडायला लागले, आवाज न करता, सगळं अंग हलवून. मीही रडत होते, ते कबूल करते.

"रडजो मंग," बाई म्हणाल्या. "पयले मार. आत्या हाय मी."

मुन्शीजींनी मारलं.